भिंतीवरचं वॉश बेसिन पाणसळीत कसं बसवावं

आमच्या घरात पहिलं बेसिन लावलं तेव्हा प्लंबरने दोन्ही बाजूंना फरशीपासून टेपने मोजून खुणा केल्या आणि भोकं पाडली. माप दोन्हीकडे चोख होतं. तरी ओला साबण कडेवरून डावीकडे घसरायचा आणि नळामागच्या कोपऱ्यात पाणी साचून राहायचं. चूक टेपची नव्हती. बाथरूमची फरशी जाळीकडे मुद्दाम उतरती केलेली असते. 100 ला 1 एवढा उतार धरला, तर 550 मिमी रुंदीच्या बेसिनच्या दोन टोकांत साडेपाच मिमीचा फरक पडतो, आणि तेवढा तिरकेपणा दारातून आत येतानाच दिसतो. म्हणून फरशीपासून माप एकदाच घ्यायचं, पुढचं सगळं पाणसळीवर, म्हणजे बुडबुड्याच्या लेव्हलवर.

आधी पाणसळ तपासा

पाणसळ भिंतीला लावा, बुडबुडा मधोमध आणा आणि कडेने पेन्सिलीची रेघ मारा. आता तीच पाणसळ टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच रेघेवर धरा. बुडबुडा पुन्हा मधोमध आला तर ती खरी. नाही आला तर दुसरी आणा, किंवा गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून वापरा. नळीत हवेचा फुगा राहू देऊ नका, नाहीतर तीही फसवते. टाइल्सच्या सांध्यांवर मात्र विसंबू नका. सांधा पाणसळीत असेलच असं नाही.

खुणा

बेसिनची वरची कड तयार फरशीपासून साधारण 800 ते 850 मिमी, म्हणजे 32-33 इंचांवर ठेवतात. घरातली माणसं उंच असतील तर थोडं वर घ्या. पण आधी भिंतीतल्या वेस्ट पाइपचं, म्हणजे सांडपाणी नेणाऱ्या पाइपचं तोंड बघा. बॉटल ट्रॅपमधून (बेसिनखालच्या, वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भांड्यातून) निघणारा पाइप भिंतीकडे किंचित उतरता जायला हवा. बेसिन फार खाली आलं तर तो उलटा चढतो आणि पाणी हळू जातं.

उंची ठरली की एक खूण करा आणि पाणसळीने आडवी रेघ बेसिनच्या रुंदीपेक्षा लांब ओढा. मग एकाने बेसिन रेघेला धरायचं आणि दुसऱ्याने मागच्या दोन भोकांतून पेन्सिल फिरवायची. कॅटलॉगमधलं भोकांचं अंतर घेऊ नका. भट्टीत भाजताना ही माती साधारण दहाव्या हिश्शाने आकसते, त्यामुळे दोन बेसिनं तंतोतंत सारखी निघत नाहीत. कडही थोडी वाकडी असू शकते. म्हणून दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवा.

अँगल कॉकच्या (बेसिनखाली भिंतीत असलेल्या छोट्या नळाच्या) सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. भिंतीतला पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

भोकं

इथे घाई केली की टाइल तडकते. खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने हळूहळू सुरू करा. भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी टाइलची बारीक भुकटी येते, मग प्लास्टरची राखाडी, आणि वीट लागली की तांबडी. राखाडी दिसली की बिट बदलून हॅमर सुरू करायला हरकत नाही. बेसिन ज्यावर टांगतात त्या रॅग बोल्टला भिंतीत धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी म्हणजे गिट्टी; भोकाचा व्यास तिला बेताचा हवा. भोकातली धूळ फुंकून काढा आणि गिट्टी टाइलच्या मागे, विटेत बसेल इतकी आत ठोका. ती टाइलमध्येच राहिली तर बोल्ट आवळताना फुगते आणि टाइल फोडते.

भुकटी तांबडी न येता पांढरट, हलकी आली तर थांबा. सायपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी धरत नाही, आणि बेसिनवर रेलणाऱ्या माणसाचंही वजन तिलाच पेलायचं असतं. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावणं मला सगळ्यांत खात्रीचं वाटतं.

टांगणं आणि आवळणं

नळ आणि वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणारा, पाणी जाण्याचा जोड) बेसिन खाली असतानाच लावून घ्या. नंतर भिंतीजवळ पान्हा फिरवायला जागा उरत नाही. ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी कडेखाली ठेवलेलं भोक असेल तर बाजूला खाच असलेलंच कपलिंग घ्या.

बेसिन बोल्टवर चढवा, प्लास्टिकचे वॉशर घाला आणि नट फक्त हाताने लावा. बेसिनची भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी असतात. त्या दोन-तीन मिमीच्या मोकळीकीतच खरी पाणसळ साधते. पट्टीवर पाणसळ ठेवून जी बाजू खाली असेल ती उचला आणि मग नट आवळा: पाव फेरा डावीकडे, पाव फेरा उजवीकडे, दर वेळी बुडबुडा बघत. भिंत खडबडीत असेल तर मागे प्लास्टिकच्या चकत्या सारा. पुठ्ठा नको, तो ओलाव्याने बसतो. बेसिन हलायचं थांबलं की तुम्हीही थांबा. त्यापुढचा एक फेरा चिनी मातीला तडा देतो.

आता समोरून मागेही बघा. पुढे झुकलं तर पाणी पायांवर येतं, मागे झुकलं तर नळामागे साचतं. नळाच्या बुडाशी वाटीभर पाणी ओता. ते भांड्यात उतरून गेलं पाहिजे.

ट्रॅप आणि कनेक्शन पाइप जोडा, बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरा आणि एकदम सोडा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. एक थेंबही कागदावर लगेच दिसतो.

मागची फट पांढऱ्या सिमेंटने भरायची जुनी पद्धत आहे, पण ते काही काळाने चिरतं. बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. भिंत पूर्ण कोरडी करून एकसलग रेघ ओढा आणि 24 तास त्यावर पाणी पडू देऊ नका.