वर्षानुवर्षं उभी असलेली घरची जुनी गाडी परत रस्त्यावर कशी आणायची

दहा-पंधरा वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी चालू करायचं घरात ठरलं की बहुतेक लोक सगळ्यात आधी काय करतात, तर नवी बॅटरी आणतात, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. कृपा करून हे करू नका. एवढी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल कधीच ओघळून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात, आणि टाकीच्या तळाला गंज आणि चिकट गाळ बसलेला असतो, तो पहिल्याच झटक्यात पंपात आणि कार्बोरेटरमध्ये जातो. जे इंजिन थोड्या सबुरीने वाचलं असतं ते अशा घाईत खराब होतं आणि मग गाडी भंगारात जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात इंजिन बरंच नंतर येतं, आणि ब्रेक त्याच्या आधी.

आधी विचारपूस आणि कागद

गाडी उभी का राहिली हे ज्यांनी ती शेवटची चालवली त्यांना विचारा. नुसती नवी गाडी आली म्हणून ही बाजूला राहिली, की गरम होत होती, ऑइल पीत होती, गिअर निसटत होता? या एका उत्तराने पुढचं निम्मं काम सोपं होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात जुनी बिलं सापडली तर टाकू नका, शेवटचं ऑइल कधी बदललं, कुठले पार्ट बदलले, सगळं त्यात असतं.

आणि खर्चाला सुरुवात करण्याआधी कागद काढा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती हयात नसेल तर नाव बदलायला काय लागतं, नोंदणीची मुदत उरली आहे का, विमा मिळेल का. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे आपल्याकडच्या वाहन नोंदणी कार्यालयातच विचारा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः जुळवून बघा, गंजाखाली असेल तर हळूच पुसून.

मग गाडीच्या खाली बघा

गाडी सपाट कडक जमिनीवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचला आणि लगेच स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, एक मिनिटासाठी पण नाही. चाक जाम असेल तर दुसऱ्या गाडीने ओढू नका, हँडब्रेक सोडा, चाक उचलून ड्रमवर सगळीकडून हलके ठोके द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं.

आता टॉर्च घेऊन फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, स्प्रिंग आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडतात त्या जागा बघा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवून. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. माझं स्पष्ट मत सांगतो, जाम झालेलं इंजिन परवडतं पण कुजलेली बॉडी परवडत नाही. इंजिन खोलून दुरुस्त करता येतं, पण सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा गेला असेल तर ते काम महागडं पण आणि जोखमीचं पण, त्यामुळे इथेच थांबून विचार करा.

उंदरांचं राज्य कुठे कुठे आहे ते पण याच वेळी बघून घ्या. एअर फिल्टरचा डबा, हीटर, सीटच्या खाली, सायलेन्सरचं तोंड या त्यांच्या आवडत्या जागा. मास्क आणि हातमोजे घाला आणि घाण कोरडी झाडू नका, आधी जंतुनाशक फवारून ओली करा. वायरी कुरतडलेल्या असतील तर फोटो काढून ठेवा. खरं तर फोटो प्रत्येक गोष्टीचे काढा, आणि काढलेले नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा, महिन्यानंतर कुठला बोल्ट कुठला ते कुणालाच आठवत नाही.

ब्रेक, आणि यात काटकसर नाही

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते, आणि तेच पाणी आतून मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) आणि व्हील सिलिंडरला (चाकात ब्रेक दाबणारा) गंज चढवतं. म्हणजे पेडल दाबल्यावर कडक लागलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

चारही ड्रम काढा. जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरची घासणारी पट्टी) ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, तोंडाने फुंकर तर अजिबात नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी थोडी उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. आतली भिंत गुळगुळीत असेल तर नवीन रबर किट टाकून चालतं, पण गंजाचे खड्डे असतील तर अख्खा सिलिंडरच बदला, कारण खड्ड्यांवर नवीन रबर थोड्याच दिवसात परत गळायला लागतं. लायनर शूपासून सुटत आलंय का ते पण बघा, गोंद जुना झाला की ते सुटतं आणि ड्रममध्ये अडकून चाक जाम करतं.

चाकांजवळचे रबरी पाईप दिसायला कसेही असोत, बदलाच. ते आतून फुगतात, मग पेडल दाबलं की ऑइल चाकाकडे जातं पण सोडल्यावर परत येत नाही आणि ब्रेक धरूनच राहतो, आणि लोक बिचाऱ्या सिलिंडरला दोष देत बसतात. लोखंडी पाईपांवर गंजाचे फोड असतील तर ते पण बदला.

मग सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून नवीन भरा आणि ब्रेकच्या पाईपांत अडकलेली हवा काढा, साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते खरं. त्यात इंजिन ऑइल चुकून पण पडता कामा नये, रबर फुगून सगळं काम वाया जातं. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पेट्रोलची टाकी

पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं, वर्षांनंतर त्याचा वार्निशसारखा वास येतो आणि डिंकासारखा थर उरतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलावा पण खेचतं. त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी करा, उघड्यावर, जवळ ठिणगी किंवा दिवा काही नको, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. शक्य असेल तर टाकी उतरवून आत बघाच. थोडा गंज असेल तर साफ होते, पापुद्रे निघत असतील तर रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडे द्या. रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग करायचा विचार सुद्धा करू नका, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक.

पेट्रोलचे सगळे रबरी पाईप नवीन टाका, इथेनॉलला टिकणारे. पंपाचा पडदा कडक झालेला असतो, किट मिळतं. कार्बोरेटर खोलून क्लीनरने धुवा, जेटमध्ये तार खुपसू नका कारण भोक मोठं झालं की मिक्श्चर कधीच जुळत नाही. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल शिरलं असेल तर तो बुडतो आणि कार्बोरेटर ओसंडतो, गरम इंजिनावर ते फार धोक्याचं.

आता इंजिन, हाताने

प्लगच्या आजूबाजूची घाण आधी उडवा, मग प्लग काढा. घट्ट असतील तर गंज सोडवणारं ऑइल टाकून रात्रभर ठेवा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि निदान एक दिवस थांबा, अजून थांबलात तर अजून चांगलं.

तोपर्यंत चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, जुनं ऑइल काढून टाका. दुधाळ निघालं तर त्यात पाणी आहे, हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्यायचा. फिल्टर बदला आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, अनेक जुन्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० चालतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल पण बघून घ्या, पण पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल मागितलं असेल तर जीएल-५ टाकू नका.

मग गिअर न्यूट्रलला, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. फिरलं तर छान. नाही फिरलं तर पान्याला लांब पाईप लावून ताकद लावायची नाही, परत ऑइल टाका आणि परत थांबा, कधी कधी आठवडे लागतात. गाडी गिअरमध्ये टाकून ओढणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, रिंगा तुटतात. फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढून बघा प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जातोय आणि पूर्ण वर येतोय का, अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल तर बेल्ट किती किलोमीटर चाललाय ते न बघता बदला.

कूलिंग आणि वायरिंग

रेडिएटरमधलं गंजाचं पाणी काढून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा, होज दाबून बघा, कडक किंवा भेगाळलेले बदला, फॅनबेल्ट पण. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. सांडलेलं कूलंट लगेच धुवा, गोडसर असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि त्याने मरतात.

बॅटरी लावण्याआधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, आणि अर्थ (बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह हे नक्की करा, काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. डिस्ट्रिब्युटरचे पॉईंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) बारीक पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) गॅप लावा, बऱ्याच गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. कंडेन्सर आणि प्लग नवीन टाका, स्वस्त असतात. दिवे लागत नसतील तर आधी अर्थच्या जागा घासा, निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

पहिला स्टार्ट

प्लग अजून बाहेरच, कॉइलची वायर काढलेली, आणि सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा वर येईपर्यंत. प्लगच्या भोकातून ऑइल उडतं, समोर तोंड नेऊ नका. प्रेशर आलं की प्लग लावा, वायर जोडा, गाडी उघड्यावर घ्या कारण बंद जागेतला धूर जीव घेतो, एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन बाजूला उभा करा, आणि मग स्टार्ट.

सुरुवातीला भरपूर निळा-पांढरा धूर येईल, ते आपणच टाकलेलं ऑइल जळतंय, घाबरू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदात गेला नाही तर मात्र लगेच बंद करा. पेट्रोल कुठे गळतंय का, पाणी कुठे टपकतंय का, टेम्परेचर कुठे थांबतंय हे बघत राहा. १२ व्होल्टच्या गाडीत रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. गरम झाल्यावर पण निळा धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, आणि पांढरा धूर थांबत नसेल शिवाय पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

क्लच सुटत नसेल, म्हणजे पेडल दाबूनही गिअर करकरत असेल, तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. इंजिन बंद ठेवून पेडल लाकडाने दाबून काही दिवस ठेवा, अनेकदा सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवायचा.

टायर आणि पहिली फेरी

टायरची नक्षी नवीकोरी दिसली तरी फसू नका, रबर वयाने मरतं. बाजूला कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. दहा वर्षांवरचा टायर बदला, स्टेपनीसकट.

पहिली फेरी रस्त्यावर नाही, रिकाम्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने, दर थोड्या अंतरावर ब्रेक दाबून. एका बाजूला खेचते का, पेडल खाली जातं का, थांबल्यावर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का. चाकांच्या बेअरिंगना ग्रीस भरलेलं असावं, स्टिअरिंगला प्ले नसावा, ग्रीस निपलांना गन मारलेली असावी. दिवे, हॉर्न, वायपर सगळं चालत असेल आणि कागद पूर्ण असतील तेव्हाच घराजवळच्या छोट्या फेऱ्या, दर फेरीनंतर खाली वाकून गळती बघायची. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळा. ५०० च्या आसपास ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आत सुटलेली सगळी घाण त्यात आलेली असते, आणि पेट्रोल फिल्टर त्याच्या आधी एक-दोनदा.

आणि त्यानंतर गाडी चालवत राहा. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करण्यात फायदा नाही, उलट ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल साठतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा अर्धा तास तरी, इंजिन आणि गिअरबॉक्स नीट तापेपर्यंत, बाहेर काढा.