वृश्चिकाच्या शेपटीतील तरुण तारकागुच्छ बेळगाव परिसरातून कसा पाहावा

तारकागुच्छ म्हटले की आपल्याला कृत्तिका आठवतात. कृत्तिकांचे वय सुमारे दहा कोटी वर्षे आहे. वृश्चिक राशीतील एनजीसी ६२३१ हा खुला तारकागुच्छ मात्र अवघ्या काही दशलक्ष वर्षांचा आहे. तो दिल्लीहून क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो, तर बेळगाव-खानापूरकडून सुमारे ३२ अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या तीन मुठींइतका वर चढतो.

अडचण पावसाळ्याची आहे, कारण हा गुच्छ संध्याकाळी सोयीच्या जागी येतो तेव्हा आपल्याकडे ढग दाटलेले असतात. म्हणून पहाटेचा किंवा मध्यरात्रीनंतरचा वेळ निवडावा. एप्रिलच्या आरंभी तो पहाटे पावणेपाचच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असतो आणि पुढे दर पंधरवड्याला ही वेळ सुमारे तासाभराने अलीकडे येते. गुढीपाडव्यापासून नवमी-दशमीपर्यंत चंद्र पहाटेपूर्वीच मावळतो, त्यामुळे हे दिवस सर्वांत चांगले. वळीव पडून गेल्यानंतरची निरभ्र रात्र तर मुळीच सोडू नये, कारण हवेतील धूळ आणि पाचट जाळल्याचा धूर तेव्हा धुऊन गेलेला असतो.

जागा शहराच्या दक्षिणेची हवी. येळ्ळूर, राजहंसगडाच्या बाजूच्या शिवारातून दक्षिणेकडे पाहताना बेळगावचे दिवे पाठीमागे राहतात. भीमगडच्या जंगलात मात्र रात्री शिरू नये. तेथे अस्वलांचा वावर आहे आणि वृक्षांमुळे दक्षिण क्षितिजही दिसत नाही.

डोळे अंधाराला सरावण्यासाठी अर्धा तास द्यावा. प्रथम तांबूस ज्येष्ठा शोधावी. तिच्यापासून विंचवाचे अंग खाली डावीकडे उतरते. जिथे शेपटी एकदम डावीकडे वळून मूळ नक्षत्राच्या नांगीकडे जाते, त्या वळणावर झीटा ही ताऱ्यांची जोडी आहे. तिच्या उत्तरेला, म्हणजे किंचित वर, अर्ध्या अंशावर हा गुच्छ आहे. चांगल्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही तेथे धूसर ठिपका जाणवतो, आणि त्याच्याही उत्तरेला पसरलेल्या विरळ ताऱ्यांमुळे सारा समूह शेपटी वर केलेल्या धूमकेतूसारखा भासतो.

१० गुणिले ५० चा बायनॉक्युलर असल्यास कोपर भिंतीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवावेत, म्हणजे गुच्छातील तेजस्वी तारे सुटे दिसतात. दुर्बीण असल्यास २५ ते ४० पट वर्धन पुरे. अधिक वर्धनाने गुच्छ सुटा होण्याऐवजी त्याची शोभाच जाते, असे माझे मत आहे. झीटा जोडीचे रंगही अवश्य पाहावेत. त्यातील नारिंगी तारा सुमारे १३० प्रकाशवर्षांवर आहे, तर गुच्छ पाच हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. दोघे केवळ एका दिशेला आले आहेत. गुच्छातील मुख्य तारे निळसर पांढरे, अतितप्त आणि भरपूर वस्तुमानाचे आहेत. असे तारे आपले इंधन काही दशलक्ष वर्षांतच संपवतात, म्हणून ते अजून तळपत असणे हाच गुच्छाच्या तारुण्याचा पुरावा ठरतो.

चैत्र-वैशाखात जमले नाही, तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक संधी मिळते. त्या वेळी सव्वासातच्या सुमारास गुच्छ नैर्ऋत्येला दोन मुठींच्या उंचीवर असतो आणि पावणेदहाच्या आसपास मावळतो. त्यामुळे काळोख होताच पाहायला सुरुवात करावी.