खुर्चीतून उठलात की मॉनिटर काळा होतो?

मॉनिटर सेकंद-दोन सेकंद काळा पडून परत येत असेल, तर सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी खुर्चीवर संशय घ्या. गंमत नाही. गॅस-लिफ्टच्या (गॅसच्या नळकांड्यावर वर-खाली होणाऱ्या) ऑफिस खुर्चीवर बसता-उठताना स्थिर विद्युत साठते आणि खुर्चीच्या धातूच्या भागांत ठिणगीसारखी निचरते. त्या क्षणी निघालेला विद्युतचुंबकीय झटका एचडीएमआय केबल (कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरपर्यंत नेणारी डिजिटल केबल) अँटेनासारखी पकडते. केबलमधला सिग्नल जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. त्यात हा झटका मिसळला की मॉनिटरची लय सुटते आणि ती पुन्हा जुळेपर्यंत पडदा काळा. जुन्या, अ‍ॅनालॉग व्हीजीए केबलवर चित्र थरथरायचं, डिजिटलमध्ये एकतर सगळं दिसतं, नाहीतर ठिपके किंवा अंधार.

असा झटका घरातल्या इतर उपकरणांतूनही येऊ शकतो, म्हणून पंखा, ट्यूबलाइट, मिक्सर एकेक करून चालू-बंद करून पाहा. दोषी बहुधा सापडतोच.

उपायाची सुरुवात केबलपासून करा. पातळ, लांब केबल काढून चांगल्या शिल्डिंगची (आतल्या तारांभोवती धातूचं आवरण असलेली), गरजेपुरत्याच लांबीची लावा. तरीही त्रास राहिला तर दोन्ही टोकांजवळ फेराइटचे क्लिप-ऑन (असे झटके शोषणारे, केबलवर चिमटायचे छोटे गोळे) बसवा. केबलवर घट्ट बसेल असाच घ्या, सैल क्लिपचा फारसा उपयोग नाही. केबल विजेच्या वायरींसोबत एकत्र बांधू नका. मॉनिटरचा प्लग तीन पिनांचा असेल तर दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडू नका, आणि बोर्डात अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.