संस्थांसाठी वस्तू घडवणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

औद्योगिक डिझाइनचे पाच-सहा विद्यार्थी स्वयंसेवी संस्थेत जातात, दोन तास फिरतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या स्क्रीनवर एक गुळगुळीत पांढरी वस्तू गरागरा फिरायला लागते. सोळाव्या आठवड्यात सादरीकरण, टाळ्या, गुण. विसाव्या आठवड्यात त्या वस्तूचं एक चाक निघतं, आणि ते कुणी बसवायचं हे संस्थेत कुणालाच माहीत नसतं. विद्यार्थ्याचं काम जिथे संपतं, तिथून संस्थेचं सुरू होतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

मागितलेली वस्तू हीच गरज समजणे

धान्य वाटणारी संस्था म्हणते, "आम्हाला चांगली ट्रॉली करून द्या." गट लगेच ट्रॉली काढायला बसतो. पण एक अख्खी पाळी उभं राहून पाहिलं तर वेगळंच दिसतं. तोच खोका जमिनीवरून टेबलावर, टेबलावरून फळीवर आणि फळीवरून गाडीत असा तीनदा उचलला जातो. माणसं दमतात ती उचलण्याने, ढकलण्याने नव्हे.

इथे अंदाज लावायची गरज नाही, आकडे तयार आहेत. अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं ओझं उचलण्याबद्दलचं सूत्र १९९१ साली सुधारलं गेलं. सगळं अनुकूल असताना ते २३ किलोची मर्यादा देतं. अनुकूल म्हणजे ओझं अंगालगत, हात जमिनीपासून ७५ सेंमीवर, कमरेला पीळ नाही, पकड चांगली आणि उचलणं क्वचित. तेच ओझं जमिनीवरून उचललं की ही मर्यादा १८ किलोच्या खाली येते. खोका पुढे-मागे रुंद असल्यामुळे हात घोट्यांच्या रेषेपासून ५० सेंमी पुढे गेले की तीही निम्मी होते, म्हणजे उरतात साधारण ९ किलो. वारंवार उचलणं आणि पीळ यांची वजावट अजून केलेलीच नाही.

मग उपाय काय निघतो? पुढे-मागे कमी रुंदीचे खोके, दोन्ही बाजूंना हात घालायला खाचा आणि माल उतरवायच्या जागी ७५ सेंमी उंचीचा ओटा. याला डिझाइनचे पुरस्कार मिळत नाहीत, आणि म्हणूनच मुलं त्याकडे वळत नाहीत. आम्हा शिकवणाऱ्यांच्या मते पहिल्या प्रकल्पासाठी असलंच कंटाळवाणं काम घ्यावं: साठवण, बांधणी, रांग, फलक, बसायची जागा.

निरीक्षणाची आमची पद्धत साधी आहे. पहिल्या पाळीत तोंड बंद ठेवायचं, कुलूप उघडण्यापासून कुलूप लागेपर्यंत. वहीत दोन रकाने: काम कुठे थांबलं आणि कुणाचा हात कुठे गेला. दुसऱ्या पाळीत स्वतः खोके उचलायचे. चिकटपट्टी, सुतळी, दुमडलेला पुठ्ठा, पायाखाली सरकवलेली वीट यांचे फोटो काढायचे. तिथल्या लोकांनी स्वतः जुगाड केलेला असतो तिथे गरज नक्की असते. मुलाखतीत सांगितलेली गरज कधीकधी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलेली असते.

कल्पनेच्या प्रेमात पडून हिशेब न करणे

यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत बुडतात. दाखला जगजाहीर आहे: आफ्रिकेतला प्लेपंप.

कल्पना ऐकताच कुणीही टाळी वाजवावी अशी. मुलांनी खेळताना चक्री फिरवायची, त्या फिरण्यावर पंप चालायचा, पाणी उंच टाकीत चढायचं. टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावायच्या आणि त्या पैशातून देखभाल करायची. २००० साली जागतिक बँकेने या कल्पनेला पुरस्कार दिला. २००६ साली अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं लक्ष्य ठरलं.

आता कागद-पेन्सिल घ्या. एक पंप २,५०० माणसांना पुरेल असं सांगितलं जात होतं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरलं तर ३७,५०० लिटर झाले. पंपाची क्षमता तासाला १,४०० लिटर सांगितली होती, तीही चक्री ठरावीक वेगाने सतत फिरत राहिली तर. भागाकार केला की जवळजवळ २७ तास येतात. दिवसाला. २००९ साली 'गार्डियन'मध्ये हा हिशेब छापून आला तेव्हा अनेकांचे डोळे उघडले, पण त्यात शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काहीच नव्हतं. पहिला पंप बसवायच्या आधी तो कुणालाही करता आला असता.

बाकीचंही त्याच वळणाने गेलं. मुलं शाळेत असताना किंवा खेळून कंटाळल्यावर ती जड चक्री बायकांना वाकून हाताने फिरवावी लागायची. काही गावांत आधीचा चालता हातपंप काढून त्या जागी हा बसवलेला होता, म्हणजे जुनी सोयही गेली. आडगावात जाहिरात द्यायला कोण येणार? जाहिरात नाही म्हणजे देखभालीचे पैसे नाहीत. दुरुस्ती गावातल्या माणसाच्या हातची नव्हती. २०१० साली पंप पुरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने काम थांबवलं आणि उरलेले पंप दुसऱ्या संस्थेच्या हवाली केले.

आमच्याकडे म्हणून एक नियम आहे: हिशेबाचा कागद भरल्याशिवाय रेखाटनाची वही उघडायची नाही. एकच पान. दिवसाला किती माणसं वापरणार, एका वापराला किती मिनिटं, गुणाकार किती तास, आणि ते तास संस्थेच्या उघड्या वेळेत बसतात का. त्याखाली तीन नावं: वापरणारा कोण, दुरुस्त करणारा कोण, पैसे देणारा कोण. या तिघांपैकी कुणा एकाशी जरी बोलायचं राहिलं असेल तर कागद अपुरा. घाई असलेल्या मुलांना हे पान म्हणजे शिक्षा वाटते. वाटू द्या.

चुकीचा वापर होऊ नये म्हणून पाटी लावणे

"येथे बसू नये" अशी पाटी लावावी लागली तर डिझाइन चुकलं आहे. नवजात बाळांच्या काविळीवरच्या फायरफ्लाय या प्रकाशोपचार यंत्राचं उदाहरण अभ्यासा. ते डिझाइन दॅट मॅटर्स या संस्थेने केलं. गर्दीच्या वॉर्डात एकाच दिव्याखाली दोन-तीन बाळं ठेवली जातात आणि कुणालाच पुरेसा प्रकाश मिळत नाही. त्यांनी सूचना चिकटवली नाही. बाळ ठेवायची जागाच एवढी लहान केली की दुसरं मावणार नाही. शिवाय प्रकाश वरून आणि खालून दोन्हीकडून दिला, म्हणजे उघडं बाळ पाहून आईने वरून पांघरूण घातलं तरी उपचार सुरूच राहतो.

याच संस्थेचं आधीचं एक यंत्र, मोटारीच्या सुट्या भागांतून केलेला नियोनर्चर हा बाळांचा उबदार पेटारा, २०१० साली 'टाइम' मासिकाच्या ५० उत्तम शोधांच्या यादीत झळकला होता. त्याचं उत्पादन कधीच झालं नाही. फायरफ्लायच्या वेळी त्यांनी बनवणारा आणि पोचवणारा आधी गाठला. फरक पडला तो तिथे.

छोट्या चुका, पण रोजच्या

"आवडलं का?" असं विचारू नका, लोक सभ्य असतात. वस्तू आठवडाभर ठेवून या आणि किती वेळा वापरली ते मोजायची सोय करा.

स्वतःच्या उंचीवरून टेबल ठरवू नका. उभ्याने हलकं काम असेल तर माथा कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली हवा, आणि कोपर तिथे काम करणाऱ्या माणसांचं मोजायचं.

१:१२ उताराचा रॅम्प म्हणजे ४५ सेंमी चढायला ५.४ मीटर लांबी. चित्रात ती नेहमी दोन मीटरच असते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी काही करताय? ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणी-नळीत मावेल असा एकही सुटा तुकडा नको. हलणाऱ्या भागांत बोट अडकेल अशी फट नको.

जखम, औषध, श्वास, शरीराला लागून राहणारा आधार यांना डॉक्टर किंवा थेरपिस्ट सोबत असल्याशिवाय हात लावू नका. व्हीलचेअरची चुकीची गादी दिसायला निरुपद्रवी असते आणि त्वचेवर दाबाच्या जखमा करते.

लाभार्थ्यांचे चेहरे पोर्टफोलिओत टाकण्याआधी विचारा. त्यांना नाही म्हणता येईल अशा रीतीने विचारा.

थ्रीडी प्रिंट म्हणजे तयार वस्तू असं मानणे

पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान होतं. शिवाय प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे थर एकमेकांपासून ओढले जातील असा ताण येणारा हुक किंवा बिजागरी महिनाभरात चिरते. प्रिंट आकार तपासायला वापरा. शेवटचा भाग पत्रा, पाइप किंवा लाकडात करा. प्रिंटच ठेवायची असेल तर पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या, ताण थरांच्या दिशेने येईल अशी आडवी छापा, आणि आटे प्लास्टिकमध्ये न पाडता पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) गरम करून बसवा.

वस्तू देऊन निघून जाणे

आमची सगळ्यात नावडती चूक ही. सोळा आठवड्यांच्या सत्रात नमुना पंधराव्या आठवड्यात पूर्ण होतो, म्हणजे तो मोडताना पाहायला कुणीच नसतं. आमचं वेळापत्रक असं: नवव्या आठवड्याच्या शेवटी नमुना संस्थेत पोचलाच पाहिजे, कसाही दिसत असला तरी. दहा ते तेरा हे आठवडे तुमच्याशिवाय तो तिथे राहील. शेवटचे तीन आठवडे फक्त दुरुस्ती आणि कागदपत्रं. रंग शेवटी. कुरकुर होते, पण मोडलेली वस्तू परत आली की समजतं.

जोडणीत दोनच मापं ठेवा: एम६ आणि एम८, म्हणजे ६ आणि ८ मिमी व्यासाचे बोल्ट. तेही षटकोनी डोक्याचे, जस्त चढवलेले. त्यांना १० आणि १३ मिमीचा पाना लागतो, तो कुणाकडेही मिळतो. ॲलन की, म्हणजे षटकोनी सळईची वाकडी चावी, हरवते. हलणाऱ्या प्रत्येक जागी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला), कारण साधा नट थरथरीने सैल होतो. झिजणारा भाग कधीही वेल्डिंग, रिव्हेट किंवा गोंदाने बसवू नका. चाकं १२५ मिमीची घ्या, दोन स्थिर आणि दोन फिरती ब्रेकवाली. ५० मिमीचं चाक पहिल्याच उंबऱ्याला अडकतं. पोकळ पाइपच्या सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निघायला भोक पाडा, नाहीतर आतून गंजतो. प्लायवूडच्या उघड्या कडा बंद करा, त्या पाणी पितात.

कागदपत्रांत नुसती एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटची फाइल देऊन काम झालं असं समजू नका, तिच्यात बदल करणं अवघड असतं. बदल करता येईल अशी त्रिमितीय मॉडेलची स्टेप फाइल, पत्रा कापायला डीएक्सएफ फाइल आणि मिमीत मापं लिहिलेलं छापील रेखाचित्र, तिन्ही हवीत. सोबत सुट्या भागांची यादी: नाव, माप, संख्या, पर्याय. पर्याय हा रकाना मुलं हमखास गाळतात, आणि दोन वर्षांनी तोच लागतो.

कागद जमला का हे तपासायची आमची सवय अशी. वस्तू सुटी करायची, कागद आणि पाने संस्थेतल्या अशा माणसाच्या हातात द्यायचे ज्याने ती कधी पाहिलेली नाही, आणि स्वतः हात मागे बांधून उभं राहायचं. बोलायचं नाही. जिथे तो थांबतो तिथे चित्र चुकलेलं असतं.

एक पानी लेखी करार पहिल्याच आठवड्यात करा. संस्थेच्या माणसांचे किती तास लागणार आणि कुठल्या दिवशी, कारण त्यांचा वेळ फुकटचा नसतो. रेखाचित्रं कोणाची, दुसऱ्या संस्थेला नक्कल करता येईल का. मोडताना कुणाला इजा झाली तर जबाबदार कोण, तुम्ही की तुमचं महाविद्यालय. वस्तू नको झाली तर ती कोण, किती दिवसांत उचलून नेणार. आणि तुम्ही पदवी घेऊन गेल्यावर फोन कोणी उचलायचा: इथे विद्यार्थ्याचं नाव लिहू नका, विभागातल्या कायमच्या माणसाचं लिहा आणि त्याची सही घ्या.