शाळेच्या बास्केटबॉल टीमला हॉर्न्स कसा शिकवायचा

एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) प्ले, म्हणजे ठरवून केलेल्या चाली, यूट्यूबवर बघून जसेच्या तसे नववी-दहावीच्या पोरांना द्यायला जाऊ नका, मी दिले होते, पाच पास लक्षात ठेवता ठेवता बॉलच हातातून गेला. एकच घ्या, हॉर्न्स. दोन उंच पोरं फ्री थ्रो लाइनच्या दोन टोकांना, दोघं कॉर्नरला, गार्ड (बॉल खेळवणारा) वर मधोमध. गार्डने एका बाजूचा स्क्रीन घ्यायचा (म्हणजे तिथला उंच पोरगा गार्डच्या डिफेंडरच्या वाटेत स्थिर उभा राहून त्याला अडवणार), स्क्रीन देणारा रिंगकडे पळणार, दुसरा उंच पोरगा वर येणार, बास. पुढचे ऑप्शन कापून टाका.

कॉर्नरवाल्याला थ्री पॉइंट लाइनबाहेरच उभं करायचा हट्ट नको. एनबीएची लाइन समोरून ७.२४ मीटर, आपली ६.७५, तरी पोरांचा बॉल रिंगपर्यंत पोचत नाही, मग त्याचा डिफेंडर त्याला सोडून आत गर्दी करतो आणि सगळा प्लेच बसतो. दोन पावलं आत घ्या, किंवा बेसलाइनने (रिंगमागच्या रेषेलगत) कट मारायला, म्हणजे झटकन आत पळायला लावा.

आधी डिफेन्सशिवाय, चालत चालत. नाशकात जुलैत सिमेंटचं कोर्ट ओलंच असतं, तेव्हा आम्ही व्हरांड्यात खडूने कोर्ट आखून हेच करतो. स्क्रीन देताना पाय हलवून समोरच्याला धडकलात तर फाऊल, हे रोज सांगावं लागतं, रोज!