रानफुलं ओळखताना या चुका टाळा: आधी पान, मग फूल

सप्टेंबर लागला की पाटणादेवीपासून तोरणमाळपर्यंत डोंगरउतार फुलतात आणि मोबाइलवर फोटो यायला लागतात. ‘दादा, हे कोणतं फूल?’ फोटोत चार-पाच पिवळ्या पाकळ्या, बाकी सगळं धूसर. वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही, पुस्तकं आणि भिंग घेऊन बांधाबांधाने शिकलो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, आधी पान बघा, मग खोड, फूल सगळ्यात शेवटी.

तरोटा, तरवड आणि कासविंदा घ्या. तिघांची फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची. नुसत्या फुलावरून फसायला होतं. पान हातात धरा. तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, सहसा 3 जोड्या, त्याही टोकाकडे रुंद, गोलसर. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक गाठ. तरवडाचं चांगलं झुडूप होतं, पर्णिकांच्या 8 ते 12 जोड्या आणि देठाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं, म्हणजे पानासारखे छोटे भाग. ही पाळी एकदा बघितली की तरवड परत कधी चुकत नाही.

निंदणीला जाणाऱ्या बायांना हे पक्कं ठाऊक असतं. फूल यायच्या आत, दोन-चार पानांवर असतानाच त्या तण ओळखून उपटतात. त्यांच्याबरोबर एक सकाळ शेतात काढा, फार शिकायला मिळतं.

रंगावर विसंबू नका. कळलावीची पाकळी आधी हिरवट, मग पिवळी-लाल आणि शेवटी पूर्ण लाल होते. तिची खूण पानाच्या टोकाला आहे, ते टोकच ताण्यासारखं वळून आधार पकडतं. ही वेल कंदासकट विषारी आहे. ओळखण्यासाठी कोणतीही वनस्पती चाखू नका.

एकदांडीत तर ‘एक फूल’ म्हणजे फुलांचा गुच्छच. 10 पट मोठं दाखवणारं भिंग धरा. कडेची प्रत्येक पांढरी ‘पाकळी’ एक स्वतंत्र फूल आहे, टोकाला तीन दाते असलेलं. मधल्या पिवळ्या चकतीत आणखी कितीतरी नळीसारखी फुलं.

केना बघायचा तर सकाळीच निघा, दुपारी त्याचं निळं फूल मिटलेलं असतं.

ॲपला विचारायला हरकत नाही, पण पान, पानाची मागची बाजू, खोडाचा सांधा आणि अख्खं झाड, असे वेगवेगळे फोटो द्या. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. फूल तोडू नका. अभयारण्यात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तशी बंदीच आहे.

एवढं करूनही नाव जुळेना, तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून जागा लिहून ठेवा आणि दिवाळीच्या सुमारास परत जा. तोवर शेंगा धरलेल्या असतात. बारीक, लांब आणि वाकलेली शेंग तरोट्याची, कागदासारखी चपटी तरवडाची.