स्वयंसेवक मिळत नाहीत? आधी या चुका टाळा

"रविवारच्या मुलांच्या मैदानी स्पर्धेसाठी स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा." हा मेसेज ग्रुपवर पडतो, त्यावर अंगठे उमटतात आणि रविवारी तीच तीन-चार माणसं मैदानभर पळताना दिसतात. मग 'हल्ली कुणाला वेळच नसतो' म्हणून मोकळं व्हायचं. कुंपणाला टेकून दोन-दोन तास उभे असलेले पालक वेळ काढूनच आलेले असतात. नेमकं काय करायचं आणि किती वेळ, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माणसं मागण्याआधी काम फोडा. लांब उडीचा एक खड्डा घ्या. उडी घेताना पाय फळीच्या पुढे गेला का ते बघून पांढरा किंवा लाल झेंडा दाखवणारा एक. वाळूत उमटलेल्या, फळीला सर्वांत जवळच्या खुणेवर टेपचं शून्य धरणारा दुसरा. फळीशी काटकोनात टेप ताणून आकडा वाचणारा तिसरा, नाव पुकारून नोंद करणारा चौथा, वाळू सपाट करणारा पाचवा. 20 मुलांच्या प्रत्येकी 3 उड्या, म्हणजे 60. पाच जण असले की एक उडी मिनिटभरात उरकते आणि तासात गट संपतो. दोघांवर भागवलं, तर टेप ठेवून फावडं उचल, फावडं ठेवून पेन शोध, असं करत दोन तास जातात. ताटकळलेली मुलं कंटाळतात आणि राबलेले ते दोघे पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. म्हणून मेसेज असा हवा: 'लांब उडी, वाळू सपाट करायला एक जण, 8 ते 10, अनुभव नको.' तोही ग्रुपवर नको. एकेकाला फोन करा.

दुसरी चूक घाईची. नव्या माणसाच्या हाती स्टॉपवॉच द्यायचं आणि शर्यत सुरू करायची. 100 मीटरला पिस्तुलाचा आवाज शेवटच्या रेषेपर्यंत पोचायला सुमारे 0.3 सेकंद लागतात, म्हणून घड्याळ धूर किंवा ज्योत दिसताच दाबायचं. थांबवायचं ते धड रेषेला पोचल्यावर, डोकं किंवा हात नव्हे. हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. ती वाचवली की वेळा चुकतात, पालक भांडायला येतात आणि बोलणी खाल्लेला तो नवा माणूस परत फिरकत नाही. आमच्या मते पहिल्या दिवशी नव्याला एकटं उभं करूच नये, जाणत्याच्या शेजारी दुसरं घड्याळ देऊन बसवावं.

सामानाच्या खोलीची किल्ली, मुलांची यादी, पालकांचे नंबर एकाच माणसाकडे ठेवू नका. तो आजारी पडला की मुलांचं सराव शिबिर बंद. दुसरी किल्ली आणि यादीची छापील प्रत आजच दुसऱ्याकडे द्या.

शिबिरासाठी स्वयंसेवकाला 'जमेल तितके दिवस या' असं सांगू नका. सहा आठवडे म्हणा आणि सातव्या आठवड्यात स्वतःहून मोकळं करा.

माणसं कमी आहेत म्हणून मुलांसोबत काम करणाऱ्यांची ओळख-पडताळणी टाळणं हा शॉर्टकट अजिबात खपवून घेऊ नये. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत. दुसरं माणूस नसेल तर ते सत्र रद्द करा.

स्पर्धा संपल्यावर दोन दिवसांत प्रत्येकाला फोन करा. कुठं अडलं आणि पुढच्या वेळी कोणतं काम आवडेल, एवढंच विचारा आणि उत्तर नावासमोर वहीत लिहून ठेवा.